दाणेदार खरवस

साळूबाईंच्या झेंडूच्या मळ्यात गाय व्याली. बारावीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, उकडलेलं अंडं परत कच्चं का होत नाही? द्वारका चौकात लताबाई रिक्षावाल्याशी भांडत होत्या. इंदिरानगरात एक पातेलं गॅसवर चढलं.

पातेलं चैतालीचं होतं. सासूबाई, म्हणजे लताबाई, पहिल्यांदाच तिच्या हातचा खरवस खायला येत होत्या, आणि साळूबाईंनी पाठवलेला चीक तिने आधी तापवायला ठेवला. घरात आलेलं दूध आधी तापवायचं, ही सवय हाताला इतकी मुरलेली की जीवशास्त्र शिकवणाऱ्या डोक्याला विचारायचं राहूनच गेलं. पाहते तो पातेल्यात भुर्जी!

तिने ती घोटली, गूळ घालून कुकरमध्ये वाफवली. धरेचना. धरणार कशी? चिकातल्या प्रथिनांच्या घड्या उष्णतेने एकदा मोडल्या, धागे एकमेकांत गुंतले; आता त्यांचा खरवस धरणं शक्य नव्हतं. हेच तर तिने काल फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवलं होतं.

बेल वाजली. चैतालीने वर वेलची भुरभुरवली आणि वाटी पुढे केली.

"आई, हा दाणेदार खरवस."

लताबाईंनी चमचा उलटसुलट फिरवला. "वडी नाही पडत याची?"

"वड्यांचा आता जुना झाला."

"मला शिकवतेस होय गं? माहेरी गाय व्याली की आम्ही असाच करायचो. वाढ अजून."

चैताली हसू दाबत वाढायला उठली.

लताबाईंच्या माहेरी गाय कधीच नव्हती.