मी गाळलेली घाण आणि न गाळता आलेली

मित्रांनो, किळस म्हणजे काय, हे कुणाला विचारायचंच असेल तर मला विचारा. मी एक जुना, काळा, चौकोनी स्पीकर आहे. आवाज गाळणारा. रेडिओतून शब्द आणि खरखर दोन्ही येतात. त्यातली खरखर गिळायची आणि शब्द तेवढे पुढे सोडायचे, हे माझं काम. चहाची गाळणी निदान रोज धुतात. मला कुणी धूतही नाही.

समुद्रापलीकडच्या एका छोट्या कारखान्यात मी जन्मलो. तिथल्या बाईंनी माझ्या पोटातले बारीक भाग जोडले, मला पुसून चकचकीत केलं आणि खोक्यात घातलं. त्यानंतर फार दिवस मला असा स्वच्छ हात लागलाच नाही.

खोकं उघडलं ते बर्फाळ मॅनिटोबा प्रांतात, विनिपेग सरोवराच्या काठी. माझा मालक वाल्डी हा निवृत्त मासेमार आणि हौशी रेडिओवाला, म्हणजे घरच्या रेडिओवरून दूरच्या लोकांशी माइकवर बोलणारा. त्याच्या रेडिओला त्या दिवसांत भलताच त्रास होता. शेजारच्या गोठ्याच्या कुंपणाची टकटक, विजेच्या तारांची घरघर, नव्या दिव्यांची चिरचिर! मला जोडलं आणि ते सगळं एकदम मागे पडलं.

"लॉर्ना, ऐक! माणूस शेजारी बसून बोलतोय जसा!" वाल्डी बायकोला हाका मारू लागला.

"आधी हात धू," लॉर्ना म्हणाली. "त्या स्पीकरला माशाचं तेल लावून ठेवलंस."

त्याने हात काही धुतले नाहीत. धुरावलेला मासा खायचा आणि त्याच बोटांनी माझं बटण पिळायचं, हा त्याचा नेम. माझ्या डोक्यावर कॉफीच्या पेल्याची चिकट वर्तुळं, जाळीत केकचा चुरा. शी! पण ती घाण बाहेरची होती, म्हणून मी सोसली.

खरी घाण आतून येई. रोज न्याहारीनंतर त्या भागातले रेडिओवाले हवेतच बैठक भरवत. बैठक चालवायचा गार्थ. त्याचा रेडिओ दांडगा आणि जीभ त्याहून दांडगी. कुणाच्या उच्चारांना हसायचं, नव्याने आलेल्यांना घाणेरडी नावं ठेवायची. मित्रांनो, माणसाचा आवाज ओळखून तो जपायला मला शिकवलं आहे. तो आवाज काय ओकतो, हे मला गाळता येत नाही. गार्थचा शब्द न् शब्द मी स्वच्छ करून वाल्डीच्या घरात ओतत राहिलो.

त्याचा आवडता बकरा होती गुद्रून. ऐंशीच्या पुढची, बर्फाळ वाटेच्या टोकाला एकटी राहणारी. सगळे तिला अम्मा म्हणत. त्यांच्या आइसलँडी पूर्वजांच्या बोलीत अम्मा म्हणजे आजी. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचा आवाज कापायचा. ती "मी ब-बरी आहे" म्हणाली, की गार्थ तसाच आवाज काढून म्हणायचा, "ब-ब-बकरी आहे!" बाकीचे हसायचे. वाल्डी हसायचा नाही, पण बोलायचाही नाही.

जानेवारीतली ती सकाळ. थंडी हाडं फोडणारी. खरखर फार, म्हणून वाल्डीने माझं बटण शेवटपर्यंत पिळलं. अति झालं की खरखरीबरोबर मी माणसांचे बारीक आवाजही गिळतो. हे माझ्यासोबतच्या कागदात लिहिलं होतं. तो कागद वाल्डीने मासे गुंडाळायला वापरला होता.

गार्थ अचानक बकरीसारखा ओरडला. "ब-ब-ब! सुरू झालं हिचं रडगाणं!"

"कुणाचं रडगाणं?" लॉर्ना दारातून म्हणाली. "मला तर दुसरं कुणी ऐकू आलं नाही."

"अम्मा असेल. गार्थचं हे नेहमीचंच आहे," वाल्डी म्हणाला.

"वाल्डी, ते गाळण बंद कर."

"अगं, कान फाटतील!"

"फाटू देत!" तिनेच पुढे होऊन माझं गाळण बंद केलं. सगळी खरखर खोलीत कोसळली. त्या कचऱ्याच्या तळाशी एक धागा हलत होता: "...प-पडलेय... स्वयंपाकघरात... उठता येत नाही..."

आणि लगेच त्यावर गार्थ, "प-प-पडली!"

लॉर्नाने माइक हिसकावला. "गार्थ, तोंड बंद कर! बाई जमिनीवर पडलीय! अम्मा, हलू नकोस, वाल्डी निघालाच."

वाल्डीने रुग्णवाहिकेला फोन केला आणि ट्रक घेऊन सुटला. अम्माचं खुब्याचं हाड मोडलं होतं. लाकडं आणायला उघडलेलं मागचं दार तसंच सताड उघडं होतं. भिंतीवरच्या फोनपर्यंत हात पोचेना, म्हणून सरपटत ती ठेंगण्या स्टुलावरच्या रेडिओपाशी आली होती. ती जगली. पण घरी परतली नाही. शहरातल्या वृद्धाश्रमात गेली आणि तिच्या छपरावरची रेडिओची तार उतरवली गेली.

पुढच्या बैठकीत गार्थने ऐटीत जाहीर केलं. "आपण सगळ्यांनी मिळून आपल्या अम्माला वाचवलं. याला म्हणतात रेडिओचा भाईचारा!"

"खरंय," वाल्डी म्हणाला.

"काय खरंय?" लॉर्नाने त्याच्या हातून माइक घेतला. "गार्थ, ती मदत मागत होती आणि तू नक्कल करत होतास. तू ऐकलं होतंस."

मग एक आवाज आला, "मीही ऐकलं होतं." दुसरा आला, "मीही." आणखी एक, "मला वाटलं, दुसरं कुणीतरी बोलेल." शेवटी माइक न उचलता वाल्डी पुटपुटला, "मला कळलं होतं, कुणावर हसतोय तो."

मित्रांनो, आयुष्यभर मी कुंपणाची, तारांची, दिव्यांची घाण गिळली. पण ते "मीही, मीही" पुढे सोडताना मला जितकी शिसारी आली, तितकी कधीच आली नाही.

वाल्डी आता हात धुऊन येतो, मला फडक्याने पुसतो. बरं वाटतं, नाही म्हणत नाही. तुमच्याकडेही माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला पुसा, त्याचं बटण उगाच पिळू नका. पण कुणी दुबळ्याची नक्कल करू लागला, तर माझ्यासारख्या खोक्याच्या भरवशावर बसू नका. ती घाण मला गाळता येत नाही. तिथे तुम्हालाच तोंड उघडावं लागेल, आणि तेही लगेच.