मालकाची परवानगी

ती दातांच्या कवळ्या बनवायची. केसाएवढी फट राहिली तरी तिला चैन पडत नसे. पण नवऱ्याच्या लेखी तिला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यामुळे कुलूप, दिवे, एसी, कॅमेरा, सगळं फोनवर चालणारं त्यानंच हौसेनं बसवलं. पुढे घटस्फोट झाला, घर तिच्या वाट्याला आलं आणि स्वारी दोन बॅगा उचलून चालती झाली. घराची सूत्रं मात्र त्याच्याच फोनमध्ये राहिली.

महिनाभरात साहेबांचे चाळे सुरू झाले. भर दुपारी एसी बंद पडायचा आणि पाठोपाठ मेसेज यायचा, ‘खिडकी उघडी ठेवून एसी? तू सुधारणार नाहीस.’ एकदा भाजीच्या पिशव्या घेऊन ती दाराशी ताटकळत उभी, आणि कुलूप काही केल्या उघडेना. तिनं फोन केला.

“नीट विनंती कर, मग उघडतो,” तो म्हणाला.

तिनं कंपनी गाठली. फोनवरची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, “खातं त्यांच्या नावावर आहे, मॅडम. मालकाची परवानगी लागेल.”

“घर माझं आहे.”

“घर तुमचंच. वस्तू त्यांच्या. तुम्ही नवीन खातं काढून दरमहा वर्गणी भरलीत तर...”

“तो मला कॅमेऱ्यातून कधी बघतो, ते कळेल?”

“ते सुरक्षा प्लॅनमध्ये येतं. त्याचे वेगळे पैसे.”

“म्हणजे घरात कोण डोकावतंय, हे सांगायचेही पैसे! धन्य आहे तुमची,” म्हणत तिनं फोन आपटला.

रविवारी सकाळीच तिनं कुलूपवाल्याकडून दाराला साधं कुलूप बसवून घेतलं. मग मदतीला आलेल्या ताईला स्टूल धरायला लावून स्वतःच पेचकस घेतला. आधी दिवे, मग एसीला जोडलेली फोनवाली डबी, कॅमेरा शेवटी. पहिला स्क्रू ढिला होतो न होतो तोच त्याचा फोन. तिनं तो स्पीकरवर टाकला.

“अगं, असा नको फिरवू! वॉरंटी जाईल!”

“लग्न मोडताना एवढा कळवळला नव्हता मेला,” ताई म्हणाली.

कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून तिनं उरलेले तीन स्क्रू सावकाश काढले. तो बडबडत राहिला. इतकी वर्षं आपण या माणसाला घाबरत होतो, याचीच तिला लाज वाटली.

सोमवारी तिनं सगळा ऐवज खोक्यात भरून त्याच्या ऑफिसात नेला आणि त्याचं नाव सांगून रिसेप्शनवर आदळला.

“काय आहे यात?” तिथल्या बाईंनी विचारलं.

“त्यांचा संसार,” ती म्हणाली आणि कामावर निघून गेली.