काळ्या तुऱ्याचा कोंबडा

"सांगितलं तर कुणाचा इस्वास बसायचा न्हाय," म्हणत हंबीररावांनी काखेतला कोंबडा पुतण्यापुढं धरला. "एका पहाटंत तुरा काळाठिक्कर! ह्याला म्हणत्यात थंडी."

मंगळवार पेठेतल्या परड्यात उदयसिंह वाकून बघू लागला. तुऱ्याची टोकं खरंच कोळशासारखी दिसत होती. बाहेर जीप उभी होती. गारगोटीकडं मूळ गावी आज जत्रा. हंबीररावांचा मुलगा विश्वजित शिरोलीच्या कारखान्यात कायम झाला, तेव्हा त्यांच्या बायकोनं, तानाबाईंनी गावदेवीला हाच कोंबडा कबूल केला होता. आणि खोट असलेला कोंबडा देवीला चालत नाही.

"काका, कोल्हापुरात कुठली आली एवढी थंडी?"

"तू झोपला हुतास. पंचगंगेवरनं जे वारं सुटलं, ते थेट हितं. ह्यानं पाणी प्यायला मान खाली घातली, वर काढंस्तोवर तुऱ्यावर थेंबाची गार! मान हलवली की किणकिण वाजायचा. शेजारचा सम्राट तर आइस्क्रीमवाला आला समजून वाटी घेऊन दारात!"

उदयसिंह खो खो हसला. हंबीरराव हसले नाहीत. त्यांचा अंगठा कोंबड्याच्या मानेवरच्या उबदार पिसांतून सावकाश फिरत होता.

"मग काळजी घ्यायची न्हाय व्हय?" उदयसिंहानं विचारलं.

"मला शिकवतोस? खुराड्याला वाऱ्याच्या अंगानं पोतं बांधायचं, वर मातूर फट ठेवायची. न्हायतर आत ओल धरती. पाण्याचं भांडं अरुंद तोंडाचं, तुरा बुडाय नगं. रोज सांजचं तुऱ्याला खोबरेल. चाळीस वर्सं कोंबड्या पाळतोय, एकीच्या तुऱ्याला कधी थंडी शिवली न्हाय."

"मग ह्याच्या?"

हंबीररावांनी कोंबडा दुसऱ्या काखेत घेतला. "ही थंडीच न्यारी हुती की! आता चोळायचं न्हाय, शेकायचं न्हाय, जीपमधनं हिंदकळवायचं तर अजिबात न्हाय."

"मग औंदा ऱ्हाऊ दे म्हणता?"

"माझं काय न्हाय बाबा. देवीचा मान हाय."

तेवढ्यात नारळाची पिशवी घेऊन तानाबाई मागच्या दारातून आल्या. पिशवी त्यांनी पायरीवर ठेवली, कोंबड्याजवळ आल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"अगं, चोळू नगंस! जखम हाय ती!"

तोवर पदर फिरला होता. तुरा लालभडक, तेलानं तुकतुकीत. कोंबड्यानं मान उंचावून बांग दिली.

उदयसिंह एकदा काकांकडं, एकदा काकूंकडं बघत राहिला. हंबीररावांनी कोंबडा छातीशी घट्ट धरला.

तानाबाईंनी पदराचं काळं झालेलं टोक नवऱ्याच्या नाकापुढं धरलं.

"तव्याची काजळी हाय ही. गेल्या जत्रंला ह्याचा पाय मोडल्याला, औंदा तुरा जळल्याला. पुढच्या जत्रंला मी देवीला काय सांगू, ते आत्ताच ठरवून ठेवा."