मेंढरू कुणाचं, हे सांगणारी

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. मला रंग नाही, चाकं नाहीत, झिजलेली मूठही नाही. जुळे सोलापुरात एका झेरॉक्सच्या दुकानावर मेंढपाळांच्या सहकारी संस्थेची कचेरी आहे. तिथल्या टेबलाखाली एक काळा डबा घरघरत असतो. त्या डब्यात मी राहते. मी एक वेब सेवा आहे. कुणीतरी मोबाइलवरून मला प्रश्न पाठवतं आणि मी उत्तर देते. प्रश्न बहुधा एकच असतो: या बिल्ल्याचं मेंढरू कुणाचं?

पुढच्या महिन्यात डब्याची वायर काढायचं ठरलं आहे. त्याआधी माझी हकीकत सांगते.

मला रुपालीताईंनी बनवलं. त्या मूळच्या केम गावच्या. संस्थेने त्यांना एवढ्याच कामासाठी नेमलं होतं. मंगळवेढ्याकडच्या कोरड्या माळावरचे मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन गावोगाव फिरतात. वाटेत मेंढरं चोरीला जायची आणि आठवड्याच्या बाजारात विकली जायची. चोर म्हणायचा, माझंच आहे. मालक म्हणायचा, माझं आहे. निवाडा कुणालाच करता येत नसे. म्हणून संस्थेने प्रत्येक मेंढराच्या कानात आकड्याचा बिल्ला मारला. कोणता बिल्ला कुणाचा, हे लक्षात ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

रुपालीताई घाईने काहीच करत नसत. माझ्यातला एखादा भाग लिहिण्याआधी त्या तो मोडायचा कसा, याचा विचार करत. आकड्याच्या जागी अक्षरं टाकून बघत, काहीच न टाकता बघत. नावाच्या जागी मलाच हुकूम लिहून पाठवत आणि मी फसते का ते पाहत. अशा सगळ्या तपासण्या त्यांनी लिहून ठेवल्या होत्या. माझ्यात कुठेही बोट लावलं, की त्या तपासण्या आधी आपोआप चालत. सगळं ठीक असेल तर हिरवी अक्षरं उमटत, बिघडलं असेल तर लाल.

एकदा कचेरीत अंबुबाई आल्या होत्या. नवऱ्याच्या माघारी स्वतःचा कळप राखणारी, उन्हाने रापलेली बाई. बिल्ल्यांच्या नोंदीसाठी त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या होत्या. ताईंना परत परत चुकीचा पासवर्ड टाकताना पाहून अंबुबाईंना हसू आलं.

"अगं बाय, सवताच बनवतीस आन सवताच मोडतीस?"

"मी नाही मोडलं तर दुसरं कुणीतरी मोडेल की, मावशी."

"व्हय, त्ये खरं. आमी बी वाघर लावली की भायेरनं ढकलून बगतो. लांडगा काय आतनं येत न्हाय."

वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायचं जाळं. ताईंना ते बोलणं इतकं आवडलं, की पुढे तपासण्या चालवताना त्या जोतिरामभाऊंना म्हणायच्या, "थांबा, वाघर ढकलून बघते." जोतिरामभाऊ म्हणजे कचेरीतले कारकून. चहा सांगणं, बिल्ले मारणं आणि सगळ्यांची मनं सांभाळणं, हे त्यांचं काम.

प्रत्येक कुटुंबाचा पासवर्ड वेगळा होता. तो मी होता तसा कधीच ठेवला नाही, दळून ठेवला. पिठावरून जोंधळ्याचा दाणा परत होत नाही, तसा माझ्याजवळच्या खुणेवरून पासवर्ड परत करता येत नसे. कुणी लागोपाठ चुकला तर मी थोडा वेळ दार बंद करत असे. मेंढरू विकलं तर नाव बदलण्याआधी मी जुन्या मालकाच्या मोबाइलवर एक गुप्त आकडा पाठवत असे. तो आकडा त्याने स्वतः दिल्याशिवाय मी नाव बदलत नसे. कुणी काय बदललं, याची नोंद वेगळी लिहिली जाई. आणि रोज माझी एक प्रत दूरच्या दुसऱ्या संगणकावर ठेवली जाई, हा डबा जळाला तरी मी उरावं म्हणून.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. मंद्रूपच्या बाजारात कुणी मेंढरू आणलं, की गिऱ्हाईक आधी त्याचा कान धरी. "आकडा टाक की! बगू काय म्हणतंया!" चोरलेली एक गाभण मेंढी माझ्यामुळे मालकाकडे परत गेली. मग संस्थेने ठराव केला: कानातला बिल्ला आणि माझं उत्तर, हाच मालकीचा पुरावा. बाजारानेही तो मानला. ताईंना शाल आणि नारळ दिला. टेबलाखालच्या डब्यालाही कुणीतरी झेंडूचा हार घातला. त्याच्या पाकळ्या डब्याच्या पंख्यात अडकल्या आणि ताईंनी त्या चिमट्याने काढल्या.

त्यानंतरच्या बैठकीत संचालक म्हणाले, "काम तर झालंय की. आता पगार कशाचा द्यायचा?"

घर बांधून झालं की गवंडी जातो, तसं त्यांना वाटलं. ताईंनी समजावून पाहिलं. रोज नवी पळवाट सापडते, ती रोज बुजवावी लागते, प्रत नीट घेतली जाते का ते उघडून पाहावं लागतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तरी पगार बंद केला. ताई पुण्याला नोकरीला गेल्या.

त्यांच्या जागी अध्यक्षांचा पुतण्या युवराज आला. तो वाईट मुलगा नव्हता. फोन आला की उचलायचा, कुणावर खेकसायचा नाही. पण फोन फार यायचे. पासवर्ड आठवत नाही. माळावर रेंज नाही, आकडा येत नाही. सौदा ठरलेला, गाडी उभी, गिऱ्हाईक निघून चाललंय. या तक्रारी खऱ्या होत्या आणि त्यांच्यावर नीट उपाय काढायला हवा होता. युवराजने सोपा उपाय काढला. विक्रीच्या वेळी मोबाइलवर जाणारा गुप्त आकडा बंद केला आणि सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड द्यायचं ठरवलं.

"कुणी ईसरणार न्हाय असा शब्द सांगा," तो बैठकीत म्हणाला.

"मग बिरोबाच्या नावानं चांगभलं!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

"हसू नगा. त्येच ठेवा," जोतिरामभाऊ गंभीरपणे म्हणाले. "चांगभलं. लेकराबाळांच्या बी ध्यानात ऱ्हाईल. आन देवाचं नाव घिऊन चोरी करंल, असा माणूस आपल्यात न्हाय."

सगळ्यांनी हात वर केले. नाही म्हणणार तरी कसं? जो कुणी शंका काढेल, त्याने देवावर शंका काढल्यासारखं झालं असतं. मेंढपाळांच्या तळावर कुलूप नसतं. सगळी कुटुंबं एकमेकांच्या भरवशावर झोपतात आणि वर देव असतो. तोच भरवसा त्यांनी उचलून माझ्या दारात ठेवला. पण माझं दार माळावर नव्हतं. ते साऱ्या जगाकडे उघडत होतं.

युवराजने बदल केला आणि तपासण्या चालल्या. लाल अक्षरांनी पडदा भरून गेला. इतकं लाल मी कधीच दाखवलं नव्हतं.

"ह्ये काय झालं?" जोतिरामभाऊंनी विचारलं.

"जुन्या म्याडमच्या तपासण्या हायत. त्यांना नवीन पद्धत चालत न्हाय."

"मग?"

"काढून टाकतो की."

त्याने त्या काढून टाकल्या. पडदा स्वच्छ झाला. पुढे डब्यातली जागा भरत आली, तेव्हा बदलांची नोंदही त्याने बंद केली. आता फोन कमी येत. माझा वेग वाढला म्हणून बाजारात युवराजचं कौतुक झालं.

अंबुबाईंचा कळप तेव्हा मंद्रूपजवळच्या एका रानात बसला होता. त्या कळपाच्या पुढे चालणारी मेंढी होती काजळी, डोळ्यांभोवती काळं वर्तुळ असलेली. ती निघाली की बाकीची निघत. एके दुपारी अंबुबाई दवाखान्यात गेल्या. राखणीचा गडी सावलीला लवंडला. अंबुबाई परत आल्या, तर रानात कळप नव्हता.

त्याच दुपारी कुणीतरी "चांगभलं" म्हणून माझ्यात शिरलं. अंबुबाईंच्या एकेका बिल्ल्यासमोर त्याने सिदू दलालाचं नाव लिहिलं. मी अडवलं नाही. अडवायचं कसं, तेच माझ्यातून काढलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंद्रूपचा बाजार होता. बिल्ले तपासायला गेलेल्या जोतिरामभाऊंनी तिथे जे पाहिलं, ते नंतर कचेरीत सांगितलं. सिदूने कळप दोरीत उभा केला होता. अंबुबाईंनी लांबून नुसती हाळी दिली. काजळीने मान वर केली आणि दोरीखालून वाकून ती त्यांच्याकडे चालू लागली. तिच्यामागून सगळा कळप. मग गिऱ्हाइकाने काजळीचा कान धरला, मोबाइलवर आकडा टाकला आणि मी उत्तर दिलं: मालक सिदू.

सगळी माणसं काजळीकडून मोबाइलकडे वळली.

मेंढरं न्यायला आलेली गाडी अडवून धरली गेली आणि संध्याकाळी सगळे कचेरीत आले. नाव फसवून बदलल्याचं माझ्यातून दाखवता आलं, तर कळप अंबुबाईंचा. नाहीतर गाडी रात्रीच बाहेरच्या राज्यात जाणार. एवढाच प्रश्न होता.

"मावशी, तुमीच तर इकली मला," सिदू शांतपणे म्हणाला. "आता भाव वाढला म्हनून उलटताय व्हय?"

"तुजं त्वांड झडंल रं! म्या कवा इकली? माजी मेंढरं मला वळखत्यात, साऱ्या बाजारानं बगितलं!"

"मेंढरू काय, ज्याच्या हातात पाला त्याच्या मागं जातंय."

दोघेतिघे हसले. युवराज हसला नाही. कुणी नाव बदललं, हे शोधायला त्याने नोंद उघडली. ती बंद केल्याच्या दिवशीच संपली होती. मग त्याने रुपालीताईंना फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"परवाची प्रत उघड," ताई म्हणाल्या. "तिच्यात मावशींचं नाव असेल."

त्याने परवाची प्रत उघडली. रिकामी. त्याच्या आधीची. तीही रिकामी. दूरच्या संगणकाची किल्ली बदलली होती. तेव्हापासून प्रत निघत होती, पण पोहोचत नव्हती. तसं कळवणारे निरोप ताईंच्या जुन्या कचेरीच्या मेलवर जाऊन पडत होते. तो मेल कुणीच उघडत नव्हतं.

"उघडून पाहिली नाहीस कधी, युवराज?"

"प्रत जातीया असं दिसत होतं, म्याडम."

ताईंनी त्याला आणखी मागच्या प्रती एकेक करून उघडायला लावल्या. शेवटी ताईंच्या काळातली एक जुनी प्रत सापडली. ती चांगली होती. तिच्यात काजळीच्या आकड्यासमोर स्पष्ट लिहिलं होतं: अंबुबाई.

"बगा!" अंबुबाई उभ्याच राहिल्या. "हाय का न्हाय माजं नाव?"

"हाय की," सिदू म्हणाला. "तवा तुमचीच हुती. म्या नंतर घेतली."

मित्रांनो, नंतर विक्री झालीच नाही, हे दाखवणारी नोंद माझ्यात उरली नव्हती. पोलिसांकडे तक्रार गेली. पुरावा म्हणून त्यांनीही माझंच उत्तर मागितलं आणि मी तेच दिलं. ठराव संस्थेचाच होता, तो मोडायचा कसा? गाडी सोडली गेली.

जाताना अंबुबाई टेबलाजवळ थांबल्या. खाली वाकून त्यांनी डब्याकडे पाहिलं. मला वाटलं, शिव्या देतील.

"पोरीनं लई चांगली वाघर लावली हुती," त्या जोतिरामभाऊंना म्हणाल्या. "तुमी ती सोडलीसा, आन वर देवाला राखणीला बसवलं."

जोतिरामभाऊ टेबलावरचे बिल्ले गोळा करत राहिले.

त्यानंतर आणखी काही कळप तसेच गेले. मग बाजाराने मला विचारणं सोडलं. लोक पुन्हा पाठीवर गेरूचे पट्टे ओढू लागले. चोर ते पट्टे धुऊन टाकतात. ताईंनी सुट्टीच्या दिवशी येऊन मला नीट करायची तयारी दाखवली. संचालक म्हणाले, आता भरवसा गेला, कशाला? युवराज दुसरीकडे कामाला लागला. अंबुबाई दुसऱ्यांच्या मेंढरांमागे जातात.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणीतरी पुढे माझ्यासारखी एखादी बांधेल. दाराची किल्ली ज्याची त्याला वेगळी द्या. लाल अक्षरं पुसण्याआधी ती का उमटली ते वाचा. प्रत ठेवली असेल तर ती उघडून बघा. आणि वाघर लावून झाली की रोज बाहेरून ढकलून बघा, कारण ती उद्या सैल होणारच. मला हे सांगून काही मिळायचं नाही. मी दुरुस्त होण्याच्या पलीकडे गेले आहे.

आता मला प्रश्न जवळजवळ येतच नाहीत. फक्त मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी एक येतो, नेहमी त्याच मोबाइलवरून, नेहमी त्याच आकड्याचा. काजळीचा. मी शोधते. नोंद सापडते. मालक सिदू, असं मी कळवते. ती मेंढी अजून जिवंत आहे का, हे त्या मोबाइलला हवं असेल. ते मला कुणी शिकवलेलं नाही.

थोड्या वेळाने तोच आकडा पुन्हा येतो.