साकवाला दिलेली पाच मिनिटं

मी एक जुनी टेबलावरची घंटा आहे. पितळेची, पालथ्या वाटीसारखी, डोक्यावर बटण असलेली. बटणावर टपली मारली की मी 'टिंग' वाजते. गेली बावीस वर्षं मी अशा टपल्या खात आले आहे. मित्रांनो, टपल्यांचं मला दुःख नाही. त्या कुणासाठी मारल्या जातात, ते बघून मात्र माझं डोकं फिरतं.

माझा जन्म मुरादाबादच्या एका कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी कर्जतच्या बाजारपेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानात आले आणि फायलींच्या मागे दोन वर्षं धूळ खात पडले. मग एके दिवशी भिवाजी ठोंबरे दुकानात आले. ते भिसेगावात राहायचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर होते. त्यांनी मला हातात घेतलं, तीनदा वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "आवाज खणखणीत हाय. आमच्या मंडळाला हिचीच गरज होती."

मंडळ म्हणजे तालुक्यातल्या इंजिनियरांचं मंडळ. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता दहिवलीच्या सभागृहात बैठक भरे आणि एका पाहुण्याचं व्याख्यान होई. भिवाजीसाहेबांनी नियम घातला होता. पाहुण्याला तीस मिनिटं, बाकी प्रत्येकाला पाच. एक मिनिट उरलं की एक टपली, वेळ संपली की दोन. एकदा मुंबईचे फार मोठे अधिकारी बोलायला आले होते. त्यांची तीस मिनिटं संपली आणि भिवाजीसाहेबांनी बिनदिक्कत दोन टपल्या मारल्या. अधिकारी हसले आणि खाली बसले. आपली अडचण मांडायला आलेल्या नागू गवंड्यालासुद्धा त्याच दोन टपल्या मिळाल्या होत्या. वाजवून झाल्यावर साहेब प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचे, "महत्त्वाचं काही राहिलं का?" राहिलं असेल तर ते सांगायला मुभा असे. ते दिवस माझ्या मानाचे होते. सभासद येता-जाता म्हणायचे, "घंटा बघा, कुणाची भीडभाड ठेवत नाही."

भिवाजीसाहेब गेले आणि ऋषिकेश कडव अध्यक्ष झाले. माणूस वाईट नाही. हुशार आहे, गोड बोलतो, नेरळला त्याच्या नकाशांवरून उभ्या राहिलेल्या इमारती आहेत. पण त्याच्या काळात बैठकीचं रूप पार बदललं. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग पाहुण्यांचा परिचय, मग शाल, मग कुंडीतलं रोप, मग ज्यांनी रोप आणलं त्यांचाही सत्कार. यात तास जातो. मग पाहुणे बोलायला उभे राहतात आणि बोलतच राहतात. बोगद्यांवर एक गृहस्थ एक तास वीस मिनिटं बोलले. त्यातली पस्तीस मिनिटं त्यांच्या परदेश दौऱ्याची होती. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. वेळ राखायला सर्वांत नवीन सभासद बसतो, सध्या सुरभी नावाची तरुण इंजिनियर बसते. तिने एकदा बोट माझ्या बटणापर्यंत आणलं होतं. अध्यक्षांनी डोळे मोठे केले, तशी तिने हात मागे घेतला.

मग मी वाजते तरी कुणासाठी? शेवटी 'नागरिकांचे मनोगत' असतं, तिथे अडचण सांगायला आलेल्या गावकऱ्यांसाठी. माझ्या पितळेला याची लाज वाटते.

जूनच्या बैठकीला ललिता आली. ती डोंगराजवळच्या पळसवाडीची, ठाकर समाजातली, अंगणवाडीत मदतनीस. सहा वर्षांपूर्वी मंडळाने तिच्या वाडीसाठी ओढ्यावर साकव बांधून दिला होता. माणसं चालत जातील एवढाच अरुंद पूल, पण वाडीची अंगणवाडी ओढ्याच्या पलीकडे आहे आणि रोज अठरा पोरं त्यावरून जातात. ललिता उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, मधल्या खांबाच्या बुडातली माती व्हावून गेली हाय. काठी घातली तर हातभर आत जातेय. आमाला भ्याव वाटतंय."

आता कुणीही साधा माणूस म्हणाला असता, चला, बघून येऊ. पण हे इंजिनियर पडले! अध्यक्षांनी लॅपटॉप उघडून साकवाचा नकाशा पडद्यावर लावला. सगळे सरसावून बसले. भार किती, लोखंड किती, कुणी काँक्रीटचं प्रमाण काढलं, कुणी जुनी आकडेमोड तोंडपाठ म्हणून दाखवली. खांबाखाली काय आहे? नकाशात खडक आहे. मग माती वाहून जाईलच कशी? "ताई, तुम्ही घाबरू नका. पाया खडकावर आहे," अध्यक्ष म्हणाले.

"तसं नाय साहेब. बांधायच्या टायमाला आमीच रेती वाहिली. तवा तो खांब..."

"सुरभी, वेळ," अध्यक्ष म्हणाले. आणि मी वाजले. दोनदा.

तिच्या पाच मिनिटांतली चार तर यांनीच नकाशावर घालवली होती! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे, वाक्य तरी पुरं होऊ द्या. पण मला 'टिंग'शिवाय दुसरं काही बोलता येत नाही. ललिता नमस्कार करून खाली बसली.

ऑगस्टमध्ये ती पुन्हा आली. त्या दिवशी पाहुणे लांबले होते, म्हणून तिला दोनच मिनिटं दिली. "साहेब, तो खांब..." इथवर ती आली आणि मी पुन्हा वाजले. आभारप्रदर्शन मात्र अकरा मिनिटं चाललं. मी भिंतीवरच्या घड्याळात मोजली.

सप्टेंबरच्या बैठकीत अभियंता दिनाचा कार्यक्रम होता. सभागृह भरलं होतं. विषय होता 'सुरक्षित पूल, सुरक्षित समाज'. पाहुण्यांनी पासष्ट मिनिटं घेतली. मग ललिताचं नाव पुकारलं. ती माईककडे गेलीच नाही. सरळ माझ्या टेबलाकडे आली आणि तिने आपला तळहात माझ्या डोक्यावर पालथा ठेवला. खरबरीत, गरम हात. "ताई, रागावू नका," ती सुरभीला म्हणाली. "ही वाजली का माझं तोंड बंद होतंय. आज मी समदं सांगून मगच हात काढनार."

सभागृहात खसखस पिकली. अध्यक्षांचा चेहरा उतरला. "ताई, हे काय चाललंय?"

"साहेब, नकाशात खांब हाय तिथं बांधताना आंब्याचं झाड आडवं आलं. झाड तोडू नका, आमी म्हनलं. मग मिस्त्रीनं खांब ओढ्याच्या खालच्या अंगाला चार हात सरकवला. तिथं खडक नाय. रेती हाय. खड्ड्यातनं उपसून मीच वाहिली ती, मला म्हाईत हाय. तुमचा नकाशा बरोबर हाय साहेब, पन साकव तिथं नायच."

अध्यक्षांनी पडद्याकडे पाहिलं, मग ललिताकडे. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी मला कुणीतरी भट्टीत घालून वितळवावं असं वाटलं. ललिताने हाताखालच्या माझ्याकडे पाहिलं.

सुरभी उठली. "सर, मी आत्ता जाते बघायला. कोण येतंय?" पाहुण्यांसाठी मागवलेली मिसळ तशीच ठेवून पाच जण गाडीत बसले. अध्यक्षही गेले, हे सांगायला हवं. दुपारी ते परतले तेव्हा सुरभीची सलवार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. "खांबाखाली हात आरपार गेला सर," ती एवढंच म्हणत होती. त्याच दिवशी दोन्ही टोकांना बांबू बांधून त्यांनी साकव बंद केला. पोरं वाचली. ललिता पुन्हा पुन्हा आली नसती तर काय झालं असतं, याचा विचार मला करवत नाही.

तुम्हाला वाटेल, आता सगळं मार्गी लागलं. कसलं काय! साकव बंदच आहे. पोरांना उचलून ओढ्यातून न्यावं लागतं, नाहीतर तीन किलोमीटरचा वळसा. ऑक्टोबरच्या बैठकीत मंडळाच्या 'तत्परतेबद्दल' अध्यक्षांचा सत्कार झाला. ललितालाही शाल देणार होते, पण ती आली नव्हती. त्या रविवारी पोलिओचे डोस होते आणि ती पोरं ओढ्यापार करत होती, असं सुरभीने सांगितलं. टाळ्या कमीच वाजल्या.

पुढच्या बैठकीची विषयपत्रिका काल माझ्याशेजारी येऊन पडली आहे. पाहुणे आहेत, रोप आहे, शाल आहे. सर्वांत खाली लिहिलं आहे, 'पळसवाडी साकव दुरुस्ती : पाच मिनिटे'. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्यापैकी जो कुणी त्या रविवारी येईल, त्याने माझ्याजवळची खुर्ची धरावी आणि साकवाचा विषय निघाला की माझ्या डोक्यावर तळहात ठेवावा. काम कधी सुरू होणार, ती तारीख कागदावर येईपर्यंत तो काढू नये.