मुनशीचा खांदा

"पोयाच्या आदल्या दिवशी बैल कोंडून ठेवते! लाज हाये का नाई थ्या मुनशाले?" रुपीबाईनं हातातली पळसाची पानं ओट्यावर आदळली.

"हळू बोल ना वो," लखीराम इकडंतिकडं पाहत म्हणाला. "पऱ्हाटीच्या वावरात शिरला म्हनते आपला पवळ्या."

"दावनीले बांधेल बैल पऱ्हाटीत जाईन कसा? दावं कापेल हाये, दिसत नाई तुमाले?"

दिसत होतं. सगळ्या तांड्याला दिसत होतं. कोंडवाड्याचा मुनशी भगवानराव आज नोकरीतून मोकळा होणार होता. उभ्या जन्मात त्यानं एकच काम केलं. लोकांची ढोरं धुऱ्याबांधावरून हाकलून न्यायची, कोंडायची, आणि दुभती म्हैस असली तर धार स्वतःच काढून प्यायची. असल्या माणसाच्या सत्काराला कोण कुत्रं जाणार? एवढं कळण्याइतकी अक्कल मुनशीला होती. म्हणून त्यानं भल्या पहाटे घरटी एक बैल कोंडला आणि दवंडी पिटवली, की सत्कार संध्याकाळी कोंडवाड्याच्या फाटकापुढं होईल, आणि हार पडले की फाटक उघडेल. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचा पहिला पोळा, आणि मुनशीनं त्याची अशी शोभा केली.

आज खांदमळणी. जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळायची आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आवतणच दिलं नाही, तर उद्या त्याला तोरणाखाली न्यायचं कोणत्या तोंडानं? त्यात पवळ्या थकला होता. औंदा त्यालाही जुवातून मोकळं करायचं ठरलं होतं. त्याची शेवटची खांदमळणी कोंडवाड्याच्या शेणात जाणार, या विचारानं रुपीबाईला रडू येत होतं आणि संतापही येत होता. तिनं लोणी-हळदीची वाटी उचलली आणि ती निघाली.

फाटकापुढं गाव जमलं होतं. सगळ्यांच्या हातात वाट्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे आतल्या बैलांवर होते. मुनशी मात्र कोट घालून खुर्चीवर असा बसला होता, जणू ही गर्दी त्याच्यावरच्या मायेनं आली होती. चावी त्याच्या कमरेच्या करगोट्याला होती.

सरपंच किसनराव उभे राहिले. मनात नसलेलं बोलायची त्यांना सवय होती. "मुनशीजीनं गावासाठी लय ओझं वाह्यलं," ते म्हणाले. "कधी खांदा काढला नाई."

मुनशीनं मान डोलावली. मग तो रुपीबाईला म्हणाला, "काय वो रुपे, तांड्याकडून तू ओवाळ मले. दोन शब्द चांगले बोल. मंग काढतो चाबी."

रुपीबाई पुढं झाली. "सरपंच म्हनते, तुमी लय ओझं वाह्यलं. ओझं वाहनाऱ्याची आज आमी आरती नाई करत. खांद्याले लोनी लावतो. काढा कोट."

गर्दीत कुणीतरी खोकलं. हा मान की अपमान, हे मुनशीला उमगेना. पण फुकट मिळणारी गोष्ट त्यानं आजवर कधी सोडली नव्हती. त्यानं कोट काढला, बंडी खाली सरकवली आणि खांदा पुढं केला.

रुपीबाईनं बोटभर लोणी घेतलं. अंगठ्यानं खांदा चाचपला, मग मानेजवळ चाचपलं. "इथं नाई... इथं बी नाई." ती दुसऱ्या बाजूला गेली. "किसनराव, तुमीच पाहा आता. जू ठिवल्याची खूनच सापडत नाई. लोन्यापरीस खांदाच मऊ हाये. लावू तरी कुठं?"

मग जे हसू फुटलं, ते आवरेना. सरपंचांनी तोंडाला उपरणं लावलं, तरी त्यांचं पोट हलत होतं.

"काहून हासून राह्यले?" मुनशी ओरडला. आतून पवळ्यानं हंबरून साद दिली, तसे लोक आणखीच हसले. मुनशीनं करगोटा हिसडून चावी मातीत फेकली. "घ्या तुमचे बैल! मरा तिकडं!"

फाटक उघडलं. पवळ्या बाहेर आला आणि रुपीबाईचा अंगठा बरोबर घट्ट्यावर जाऊन थांबला. तिनं सगळी वाटी तिथंच चोळली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ती म्हणाली आणि त्याच्या मानेला मिठी मारून सगळ्यांदेखत रडली. मुनशी उघड्या खांद्यानं तसाच उभा होता. उद्या सणाचं जेवण होतं, पण त्याला कुणी आवतण दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या मुनशीसाठी खोली खाली करायची होती. सामान न्यायला भगवानराव बैलबंडी मागत घरोघर फिरला.

"आज पोया हाये, मुनशीजी," जो तो म्हणाला. "आज बैलाले जू नाई लावत."

ते खरंच होतं. शेवटी त्यानं पत्र्याची पेटी स्वतःच्याच खांद्यावर घेतली आणि मोटारीसाठी फुलसावंगीची वाट धरली. काळ्या चिखलात त्याचा पाय जागोजाग रुतत होता. समोरून शिंगं रंगवलेले बैल तोरणाकडं निघाले होते आणि त्यांना वाट द्यायला तो काठावर सरत होता.

लखीरामला राहवलं नाही. "जाऊ का वो? हात देतो थ्याले."

"बसा खाली." रुपीबाईनं पवळ्याचे पाय धुतले आणि पुरणाची पोळी त्याच्या तोंडापुढं धरली. "फुलसावंगी येईस्तोवर पडंल एखांदा घट्टा. फुडच्या पोयाले येऊ द्या थ्याले, मंग लावून देईन लोनी."