मला वीतभर उंच बसवलं

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. लेव्हलचा दगड. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. गावातली नाली कोणत्या बाजूला वाहावी, रस्ता किती चढवावा, टाकी किती उंच बांधावी, हे सगळं माझ्या डोक्यावरून मोजतात. गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं एक नगरपालिकेचं गाव, एवढं पुरे. नाव सांगितलं तर नगरपालिकेची अब्रू जायची, आणि ती माझ्यापायी एकदा गेलेली आहेच. ती कशी गेली तेच सांगायला बसलो आहे. आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळे होतात. माझ्याकडून तशी आशा धरू नका.

रोहिणखेडकडच्या रानातला मी काळा दगड. महाराष्ट्र राज्य होऊन दोनएक वर्षं झाली होती. आमच्या गावात पक्क्या नाल्या बांधायचं ठरलं आणि बुलढाण्याहून एक वयस्क इंजिनिअर साहेब आले. त्यांनी पाथरवटाकडून मला चौकोनी घडवून घेतलं, माझ्या माथ्याजवळ एक बाण कोरवला आणि चौकातल्या कडुनिंबाखाली खोल खड्डा खणून मला पक्कं बसवलं. डोकं तेवढं जमिनीच्या वर. मग तीन पायांवरची दुर्बीण लावून त्यांनी माझी उंची काढली आणि वहीत लिहिली, समुद्रापासून नऊशे अठरा फूट. बाण चटकन सापडावा म्हणून त्याच्याभोवती लाल रंगाचा पट्टा ओढला. तो लाल पट्टाच मला भोवला.

साहेबांच्या हाताखाली जानराव नावाचा खलाशी होता. खलाशी म्हणजे लेव्हलची उंच पट्टी धरून उभा राहणारा माणूस. साहेब लांबून दुर्बिणीत बघून पट्टीवरचा आकडा वाचतात. पट्टी जरा तिरपी झाली की आकडा खोटा येतो. जानराव गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत राहायचा, आणि त्याची पट्टी कधी केसभर हलली नाही. माझ्या डोक्यावर पट्टी टेकवण्याआधी तो खांद्यावरच्या रुमालाने माझं डोकं पुसायचा. माती असली तर उंची वाढते, असं म्हणायचा. मला तो आवडायचा. दुसरा कोणी आवडल्याचं मला आठवत नाही.

पहिल्या वर्षी नालीचा वरचा भाग झाला, बाजारापासून उकंडरावांच्या दारापर्यंत. उकंडराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार. पाणी असं झुळझुळ वाहिलं की बघत राहावं. उकंडरावांच्या दारापासून पुढे नाल्यापर्यंतचा खालचा भाग दुसऱ्या वर्षावर ठेवला आणि साहेब बुलढाण्याला परत गेले.

तेवढ्यात निवडणूक आली. नगराध्यक्ष व्हायची हौस उकंडरावांना होती. एका दुपारी ते कडुनिंबाखाली आले, माझ्या लाल पट्ट्याकडे बघून हात जोडले आणि पुटपुटले, "म्हसोबा, एवढ्या बारीले निवडून आण. तुले उंच बसवतो." आता म्हसोबाशी माझं भांडण नाही. त्याचं ठाणं वेशीबाहेर आहे, तो तिथे सुखात आहे. पण मला म्हसोबा करायला कोणी सांगितलं होतं? उकंडराव निवडून आले, आणि त्यात माझा काडीचाही हात नव्हता.

दुसऱ्याच आठवड्यात पहारी घेऊन माणसं आली. जानराव धावत आला.

"अध्यक्षसाहेब, हा देव नाई. लेव्हलचा दगड हाय. हलवू नोका याले."

उकंडराव सगळ्यांकडे बघत म्हणाले, "काऊन बे? तुमी तं देव सोडले. आता आमचेबी सोडवता का?"

लोक खो खो हसले. त्या हसण्याचा एकेक आवाज मी मोजून ठेवला आहे.

मला उपटलं. कडुनिंबाखालीच ओटा बांधून वर बसवलं. माझं डोकं आधी होतं त्याहून बरोबर एक वीत वर गेलं. मग शेंदूर. दर शनिवारी शेंदूर, वरून तेल, आणि नारळ फोडायचे ते माझ्याच डोक्यावर. बाण बुजून गेला. अहो, ज्याच्या डोक्यावरून गावाची उंची मोजायची त्याच्या डोक्यावर नारळ! तेव्हाच मी सूड घ्यायचं ठरवलं. तुम्ही म्हणाल, दगड काय सूड घेणार? मला काहीच करायचं नव्हतं. जे करायचं ते त्यांनीच करून ठेवलं होतं.

खालच्या भागाच्या कामावर दयाराम नावाचा नवा ओव्हरसियर आला. वहीत लिहिलं होतं, चौकातल्या कडुनिंबाखालचा दगड, नऊशे अठरा फूट. त्याने दुर्बीण लावली.

जानराव म्हणाला, "साहेब, हा दगड उचलून वर ठेवला हाय. शाळेच्या पायरीवर दुसरी खूण हाय. तिथून एक डाव मेळ घेऊन पाहा ना."

"कोणी उचलला?"

"अध्यक्षसाहेबायनं."

दयारामने इकडेतिकडे पाहिलं. शाळा काही फार लांब नव्हती, पण ऊन होतं, आणि अध्यक्षांच्या देवाला चुकीचा ठरवायचं म्हणजे बदलीला आमंत्रण. तो म्हणाला, "हा चौक, हे कडुनिंब, हा दगड. तू पट्टी धर, मला शिकवू नकोस." आणि वहीत लिहून टाकलं, 'तपासले.'

मित्रांनो, हिशेब सोपा आहे. वरची नाली बांधली तेव्हा मी खाली होतो. खालची नाली बांधली तेव्हा मी वीतभर वर होतो. म्हणून खालची सगळी नालीही वीतभर वर झाली. दोन्ही भाग जिथे जुळतात तिथे पाण्याला वीतभर पायरी चढून जावं लागणार. आणि पाण्याला पायरी चढता येत नाही, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. ती जागा नेमकी उकंडरावांच्या दारासमोर होती.

सांधा जुळवायच्या दिवशी जानरावने नालीत वाकून आपली वीत लावून दाखवली. "साहेब, वीतभर फरक येऊन राह्यला." दयारामने गवंड्याला तिथे सिमेंटचा उतार मारायला लावला आणि वर फरशी टाकली. फरशीखाली काय आहे ते कोणाला दिसतं?

दिसलं नाही, पण वास आला. पहिल्याच आठवड्यात बाजारातलं सगळं सांडपाणी उकंडरावांच्या दारात येऊन थांबलं. आंघोळीचं, धुण्याचं, खाणावळीतलं, सगळं. हिरवट पाणी, वर साय धरलेली, आणि डास असे की ओसरीवर बसलेला माणूस नुसता टाळ्या वाजवतोय असं लांबून वाटावं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण तो आनंद आठ दिवसच टिकला. कारण कोणावर तरी खापर फोडायला हवं होतं. नगरपालिकेच्या फळ्यावर हुकूम लागला की खलाशी जानराव याने पट्टी तिरपी धरल्यामुळे नालीची पातळी चुकली, सबब त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली सही उकंडरावांची, शिफारस दयारामची.

ज्या माणसाची पट्टी कधी केसभर हलली नाही, त्याला! जानराव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागला. चौकातून जाताना पोरं मागून ओरडायची, "तिरपी पट्टी! तिरपी पट्टी!" ती पोरं तुमच्याच वयाची होती, मित्रांनो. मी तुम्हाला मित्र म्हणतो खरा, पण ते विसरलेलो नाही. पूर्वी जानराव माझ्याकडे बघून जायचा. आता बघेनासा झाला. आपलं नाव परत मिळेल ही आशाच त्याने सोडली होती. त्याची नोकरी आणि त्याचं नाव परत मिळाल्याशिवाय माझा सूड पुरा होणार नव्हता, आणि तोंड तर मला नव्हतं.

इकडे उकंडरावांचे हाल वाढत होते. मुलीला बघायला सोनाळ्याचे पाहुणे आले. धोतर गुडघ्यापर्यंत वर धरून दारापर्यंत पोचले, नाकाला उपरणं लावलं आणि चहा न पिताच बैलगाडीत जाऊन बसले. त्या संध्याकाळी उकंडराव नारळ घेऊन माझ्यापुढे आले. "म्हसोबा, नाली वाहती कर रे बाप्पा. तुले अजून एक पायरी चढवतो."

चढव बाबा, चढव, म्हटलं मनात.

शेवटी त्यांनी जानरावला चौकात बोलावून घेतलं. बाजाराचा दिवस होता, म्हणून त्याची बायको जनकाबाईही सोबत होती. उकंडराव ओट्यावर मला टेकून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे पाह्य जानराव, तुह्या वस्तीतले चार माणसं घेऊन ये अन् रोज सकाळी नाली उपसून देत जा. अन् बुलढाण्यावरून कोणी विचारलं तं मान्य कर का पट्टी तिरपी व्हती. उद्याच तुले कामावर घेतो."

आठ महिने खडी फोडून जानरावच्या हातांची सालं निघाली होती. त्याचा जीव घुटमळत होता, ते मला दिसत होतं. बोलली ती जनकाबाई.

"अध्यक्षसाहेब, तुमच्या दारातली घाण उपसाचं काम आमच्या सासऱ्यायनं लय केलं. आता आमी नाई करत. अन् यायनं पट्टी सरळ धरली व्हती. ते तिरपी व्हती असं हे नाई म्हणणार, अन् मीबी म्हणू देणार नाई."

"मंग फोडा खडी जन्मभर!"

"फोडू. तुमच्यापरस दगड बरा." आणि ती चालू लागली.

माझी एवढी स्तुती आजवर कोणी केली नव्हती.

त्याच बाजारातून जानरावने एक पोस्टकार्ड विकत घेतलं आणि माझ्याच ओट्याच्या कडेला बसून आपल्या हाताने लिहिलं. एकेक अक्षर तोंडाने म्हणत तो लिहायचा, म्हणून मला कळलं. 'साहेब, चौकातला दगड वीतभर वर गेला आहे. पट्टी सरळ होती. आपला, जानराव खलाशी.'

पंधरा दिवसांनी बुलढाण्याचे ते म्हातारे साहेब एस.टी.तून उतरले, दुर्बीण काखेत. त्यांनी दयारामला बोलावलं, उकंडरावांना बोलावलं, जानरावच्या हाती पट्टी दिली आणि शाळेच्या पायरीपासून मोजत मोजत चौकात आले. निम्मं गाव गोळा झालं. साहेब माझ्यापुढे थांबले.

"बाण कुठे आहे?"

बोटभर जाड शेंदूर होता. कोणी पुढे होईना. साहेब म्हणाले, "जानराव, खरवड."

जानरावने दोन्ही हात मागे घेतले. "साहेब, मी हात लावला तं उद्या म्हणतीन, देव बाटवला. ज्यायनं चढवला त्यायनंच उतरवावा."

साहेबांनी उकंडरावांकडे वळून एवढंच म्हटलं, "बसा."

आणि अध्यक्षसाहेब पांढऱ्याशुभ्र धोतरात माझ्यापुढे उकिडवे बसले. एका हातात रॉकेलची चिंधी, दुसऱ्या हातात नारळाची शेंडी. घासू लागले. दोन वर्षांचा शेंदूर होता आणि जमेल तेवढा मी धरून ठेवला. शेंदूर त्यांच्या मनगटावर आला, धोतरावर आला, कपाळाचा घाम पुसला तर कपाळावर आला. अर्धा तास लागला. तो अर्धा तास माझ्या सगळ्या आयुष्यात सर्वांत गोड गेला, आणि हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

बाण दिसला. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "हाव बे, बाणच हाय!" जानराव पुढे आला, रुमालाने माझं डोकं पुसलं आणि पट्टी धरली. साहेबांनी दुर्बिणीतून पाहिलं, वहीत वजाबाकी केली आणि मोठ्याने सांगितलं, "पाऊण फूट. एक वीत वर. पट्टी सरळ होती. दगड हलवला होता."

त्याच दिवशी त्याच फळ्यावर नवा हुकूम लागला. जानराव कामावर आला. नाल्यापासून उकंडरावांच्या दारापर्यंतची सगळी नाली फोडून पुन्हा बांधायला घेतली. तीन महिने त्यांचं दार खणलेलं होतं, आणि अध्यक्षसाहेब गोठ्यातून वाकून आपल्या घरात जात होते. मला ओट्यावरून उतरवून पुन्हा जमिनीत पुरलं. पोरांची ओरड बंद झाली. मला वाटलं, आता तरी जानराव हसेल. नाही हसला. "चल, उद्यापासून खडी नाई," एवढंच जनकाबाईला म्हणाला. त्याचं मन मोठं असेल. मी दगड आहे.

तर मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. रस्त्याकडेला, शाळेच्या पायरीवर, पुलाच्या कठड्याजवळ बाण कोरलेला दगड दिसला तर त्याला हलवू नका, त्यावर खिळे ठोकू नका, त्याला देवही करू नका. आणि कोणी गरीब माणूस सांगत असेल की दगड हलला आहे, तर त्याला हसण्याआधी एकदा मोजून बघा.

राहता राहिला दयाराम. त्याला काहीच झालं नाही. नुसती बदली, लोणारकडे, नव्या रस्त्याच्या कामावर. जाताना चौकात पान खात उभा होता, हसत होता. हसू दे. तिकडेही लेव्हलचे दगड आहेत. इकडच्या दगडावरून पुढच्या दगडावर, त्यावरून त्याच्या पुढच्यावर, अशी उंची नेत नेत ती लोणारपर्यंत पोचते. त्याच वाटेने मी तिथल्या दगडांना दयारामचं नाव कळवलं आहे.